कार्यशाळा उदंड, कारागीर कोठे?

उन्हाळ्याची सुटी लागली, की पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक, नागपूर अशा शहरांतील शाळांची सभागृहे, मंगल कार्यालये आणि गृहसंकुलांची पटांगणे शिबिरार्थींनी भरून जातात. कोठे वारली चित्रकलेची दोन दिवसांची कार्यशाळा असते, कोठे बांबूच्या वस्तूंची, कोठे पानाफुलांच्या ठशांतून साकारणाऱ्या चित्रांची, तर कोठे बासरी आणि तबल्याची तोंडओळख. गणेशचतुर्थी जवळ आली, की शाडूच्या मूर्तींच्या कार्यशाळांना जागा अपुरी पडते. एका पिढीपूर्वी सुटीतील वर्ग म्हणजे इंग्रजी संभाषण, टंकलेखन किंवा संगणकाची ओळख एवढेच समीकरण होते. मुलाच्या हाताला माती लागणे म्हणजे त्याच्या अभ्यासाची माती होणे, असे मानणारा मध्यमवर्ग आज पैसे भरून आपल्या मुलांना मातीत हात घालायला पाठवितो. हा बदल स्वागतार्ह आहे, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. आपल्या परंपरेविषयीचा न्यूनगंड ओसरत असल्याचे हे एक चिन्ह आहे आणि त्यामागे अनेक संस्थांनी, अनेक अनाम कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे केलेली मशागत आहे.

या मशागतीचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्राच्या रस्तोरस्ती पाहायला मिळते. १९८१ साली लखनौ येथे संस्कार भारतीची स्थापना झाली. भीमबेटक्याची शैलाश्रयचित्रे जगासमोर आणणारे पुरातत्त्वज्ञ पद्मश्री विष्णू श्रीधर तथा हरिभाऊ वाकणकर आणि कलासाधकांचे 'बाबा' असलेले योगेंद्रजी यांच्या परिश्रमांतून हे काम देशभर उभे राहिले. बाबा योगेंद्र यांना २०१८ साली पद्मश्री सन्मान मिळाला आणि २०२२ साली त्यांचे निधन झाले. या संस्थेने महाराष्ट्रात रांगोळीची शिबिरे घेतली आणि उंबऱ्यापुरती उरलेली, दोन बोटांच्या चिमटीतील रांगोळी पाचही बोटांतून मोकळेपणाने सुटून चौकाचौकांत पसरली. गोपद्म, शंख, स्वस्तिक, सर्परेषा, ज्ञानकमळ ही चिन्हे हजारो भगिनींच्या हाती पुन्हा आली. आज गुढीपाडव्याची शोभायात्रा असो वा एखाद्याच्या घरचे लग्न, 'संस्कारभारतीची रांगोळी' हा शब्दप्रयोग सामान्यनामासारखा वापरला जातो. शिबिरातून समाजात काय झिरपू शकते, याचा याहून चांगला दाखला शोधण्याची गरज नाही.

तथापि रांगोळीचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्यायला हवे. रांगोळी ही घराघरातील कला आहे. ती कोणा एका समूहाच्या पोटापाण्याचे साधन नाही. प्रत्येक घरातील स्त्री तिची कलावंत आहे आणि प्रत्येक घर तिचे रसिक. म्हणूनच ती शिकविणारा आणि शिकणारा यांच्यात अंतर पडत नाही. वारली चित्र, बांबूचे सूप, तंबोरा, कळसूत्री बाहुली यांचे तसे नाही. या कलांमागे पिढ्यान्‌पिढ्या त्यांवर जगणारी माणसे आहेत. या माणसांना वगळून त्यांच्या कलेची कार्यशाळा भरू शकते आणि आज बहुतांश ठिकाणी ती तशीच भरत आहे. कार्यशाळांची संख्या वाढत असताना कारागिरांची संख्या का घटते, हा प्रश्न आयोजकांनी स्वतःला विचारण्याची वेळ आलेली आहे.

वारली चित्रकलेचेच पाहा. दोन तासांच्या वर्गात मुलाला सांगितले जाते, की दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले की माणूस होतो, वर्तुळ काढले की डोके आणि चार रेषा काढल्या की हातपाय. मूल आनंदाने घरी जाते, आई ते चित्र फ्रिजवर चिकटविते. यात वावगे काही नाही. परंतु डहाणू, तलासरी, जव्हारच्या पाड्यांवर या चित्राचा जन्म लग्नाच्या चौकात झाला आहे, हे त्या मुलाला कोणी सांगत नाही. लग्नघराची भिंत शेणामातीने सारवून गेरूने रंगवायची, तांदळाच्या पिठाने सवाशिणींनी त्यावर चौक लिहायचा, त्या चौकात पालघट देवी विराजमान व्हायची, शेजारी घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव यायचा आणि धवलेरीने आपल्या गाण्यांनी लग्न लावायचे. लग्न लावणारी पुरोहित एक स्त्री आहे, ही गोष्ट स्त्रीमुक्तीची पुस्तके वाचणाऱ्या शहरालाही चकित करावी अशी आहे! ज्या तांदळावर वारल्याचे वर्ष चालते, त्याच तांदळाची ती रेषा आहे. ज्या निसर्गाची ती पूजा आहे, त्याच निसर्गातून तिचे रंग आले आहेत. पर्यावरणाचे वेगळे पाठ या समाजाला कोणी द्यावे लागले नाहीत.

एकोणीसशे सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने या पाड्यांत राहून वारल्यांच्या हाती कागद दिला आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांची प्रतिभा भिंतीवरून कागदावर उतरली. पुढे म्हशे यांची चित्रे जगभर गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते निवर्तले. भिंतीचा कागद झाला, सवाशिणींच्या जोडीला पुरुषही चित्रे काढू लागले, विवाहाच्या चौकटीबाहेरचे विषय आले. परंपरा अशीच पुढे जात असते आणि तिने पुढे जाऊ नये असे म्हणण्याचा अधिकार शहरात बसून कोणालाही नाही. खंत आहे ती वेगळी. कपांवर, चादरींवर, हॉटेलांच्या भिंतींवर यंत्राने छापलेल्या वारली आकृत्यांतून पाड्यावर किती पैसा पोहोचतो? शहरातील वर्गात शिकविणारी व्यक्ती अनेकदा स्वतः दुसऱ्या वर्गात शिकलेली असते आणि तिने कधी एकही चौक प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. ज्याच्या घरचे हे धन आहे, तो मात्र बोईसरच्या कारखान्यात कंत्राटी मजूर म्हणून उभा असतो.

ही दरी आजची नाही. आपल्या ग्रामव्यवस्थेत सुतार, लोहार, कुंभार, चांभार आदी बलुतेदारांचा खळ्यावरच्या धान्यात वाटा असे. त्या व्यवस्थेचे अवास्तव गुणगान करण्याचे कारण नाही. पण कारागिराच्या पोटाची जबाबदारी गावाची आहे, एवढे तत्त्व तिने मान्य केले होते. इंग्रजी राजवटीने आणि मँचेस्टरच्या मालाने ते आर्थिक जाळे उसवले. आनंद कुमारस्वामी यांनी १९०९ साली भारतीय कारागिरावर पुस्तक लिहिले, तेव्हाच त्यांना तो समाजाच्या मध्यभागातून कडेला ढकलला जाताना दिसत होता. धर्मपाल यांनी इंग्रजांच्याच दप्तरांतून आपल्या शिक्षणाचे आणि तंत्रविद्येचे जे चित्र उभे केले, त्यानेही या ऱ्हासाची साक्ष दिली. हे सारे खरे असले, तरी सगळा दोष इंग्रजांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. जो हाताने काम करतो तो खालचा आणि जो काम करीत नाही तो वरचा, ही उतरंड इंग्रजांच्या आधीही आपल्याकडे होती. देवाची मूर्ती घडविणाऱ्या हाताला देवळाच्या पायरीशी थांबविणारा समाज आपलाच होता. सामाजिक समरसतेचा विचार मांडताना आपण एकत्र भोजनाचा, एका पाणवठ्याचा आग्रह धरतो, तो योग्यच आहे. परंतु बुरुडाला 'गुरुजी' म्हणून आपल्या मुलासमोर बसविणे, ही त्याच समरसतेची आणखी अवघड पायरी आहे. कार्यशाळेच्या निमित्ताने ती ओलांडण्याची संधी आयती चालून आली आहे आणि ती घालविली जात आहे.

संगीताच्या क्षेत्रात ही संधी एकदा फार मोठ्या प्रमाणावर साधली गेली होती. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेले विष्णू दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. राजाश्रयाच्या दिवाणखान्यात अडकलेली विद्या त्यांनी लोकांच्या वर्गणीवर उभी केली. गवयाला समाजात प्रतिष्ठा मिळवून दिली. आज गावोगावी चालणारे गायनवर्ग ही त्याच वृक्षाची फळे आहेत. १९१७ साली जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, तेथेही कीर्तनकार घडतो तो चार वर्षांच्या अध्ययनातून. या दोन्ही उपक्रमांत लोकांसाठी दार उघडले गेले. पण दार उघडताना साधनेची उंची कमी केली गेली नाही.

पण गायनाला आणि गायकाला जी प्रतिष्ठा मिळाली, ती वाद्य घडविणाऱ्याच्या वाट्याला आली नाही. पलुस्करांनी ज्या मिरजेत तालीम घेतली, त्याच मिरजेत तंबोरे आणि सतारी घडविणाऱ्या शिकलगार घराण्यांची वस्ती आहे. शस्त्रांना धार लावणारे हे लोक. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे दिवस संपत आले, तेव्हा त्यांच्यातील फरीदसाहेब यांनी संस्थानच्या आश्रयाने वाद्यांच्या दुरुस्तीला आणि पुढे घडणीला हात घातला. त्यांच्या वंशजांनी आणि शिष्यांनी मिरजेचे नाव देशभरातील गवयांच्या तोंडी नेले. या घरांची उपासनापद्धती इस्लामची आहे. सरस्वतीच्या हातातील वीणेच्या कुळातील वाद्ये ती पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेने घडवीत आली. राष्ट्रीय संस्कृती म्हणजे काय, हे ज्यांना व्याख्यानातून कळत नाही, त्यांनी मिरजेच्या त्या गल्लीत एक दुपार काढावी.

तंबोऱ्याची घडण हीच निसर्गाची एक शाळा आहे. त्याचा भोपळा भाजीचा नव्हे. तो कडू, जाड सालीचा आणि तंबोऱ्यासाठीच जपलेला. पंढरपूरच्या परिसरात भीमेच्या काठच्या जमिनीत तो पिकतो. वेलावरच पूर्ण पक्व झाला पाहिजे, वाळताना त्याला भेग जाता कामा नये आणि अवकाळी पाऊस आला की वर्षाचे पीक जाते. त्याच भोपळ्याची वीणा वारकऱ्याच्या गळ्यात असते, हेही सहज आठवावे. वाळलेला भोपळा भिजवून, आतून स्वच्छ करून, त्याला आकार द्यायचा. तुणाच्या लाकडाची दांडी जोडायची. त्यानंतर सर्वांत नाजूक काम येते ते जवारीचे. घोडीचा पृष्ठभाग इतका बारकाईने घासायचा, की तार तिच्यावर स्पर्शून-न-स्पर्शून थरथरली पाहिजे. मग सुताचा धागा सरकवीत ती जागा शोधायची, जेथे एका तारेतून अनेक स्वर उमलतात. यासाठी मोजपट्टी नाही. कान हेच माप आणि तो कान तयार व्हायला आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे द्यावी लागतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट झाली. मात्र ज्या गायनवर्गांना पलुस्करांचा वारसा सांगण्याचा अभिमान आहे, त्यांपैकी कितीजणांकडे आज खरा तंबोरा आहे? बहुतेक ठिकाणी भ्रमणध्वनीतील अ‍ॅप सुरू केले जाते आणि काम भागते. सोय म्हणून ते समजण्यासारखे आहे. प्रवासात तंबोरा नेणे किती कठीण असते, हे गवयांनाच ठाऊक. पण वर्षातून एकदा विद्यार्थ्यांना मिरजेला नेऊन, ज्याच्या बळावर आपण स्वर लावतो ते वाद्य कोण करतो, त्याचे नाव काय, त्याच्या मुलाने हा धंदा पुढे चालविला आहे की नाही, एवढे तरी विचारता येणार नाही काय?

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाकडे चित्रकथीची आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाच्या चित्रांची एक पोथी, एकेक चित्र पुढे करीत वाद्यांच्या साथीने गायचे, सांगायचे, प्रेक्षकांना त्या काळात न्यायचे. सावंतवाडी संस्थानने या कलावंतांना आश्रय दिला आणि देवळांच्या उत्सवांत त्यांचे मान ठरवून दिले. संस्थाने गेली, चित्रपट आला, दूरदर्शन आले. पोथ्यांची चित्रे दलालांमार्फत परदेशांत आणि संग्रहालयांत जाऊ लागली. त्या पडत्या काळात परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे संग्रहालय केले. गुरांच्या जागी बाहुल्या, चित्रे आणि वाद्ये मांडली, मुलांना तयार केले आणि येईल त्या शाळेच्या सहलीला खेळ करून दाखविले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा दिल्लीच्या दरबाराने एका गोठ्याची दखल घेतली होती. संस्कृतिरक्षणाच्या गप्पा मारणाऱ्या सुस्थित माणसांनी या गोठ्याशी आपल्या दिवाणखान्यांची तुलना करून पाहावी.

तेथून जवळच असलेल्या सावंतवाडीने याहून वेगळे उदाहरण घालून दिले. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांच्या प्रत्येकी बारा याप्रमाणे एकशे वीस गोल पत्त्यांचा संच. मोगलांबरोबर आलेल्या खेळाला या मातीने दशावतार दिले आणि आपलेसे केले. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास हे पत्ते रंगविणारे जुने हात जवळजवळ संपले होते. पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर उरले होते. तेव्हा राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी या चिताऱ्याकडून कला शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना बसवून काम सुरू केले. राणीसाहेबांचे २०१८ साली निधन झाले. राजवाड्यातील काम सुरू राहिले. राजघराण्याने कारागिराचे शिष्यत्व पत्करले, ही यातील खरी घटना आहे.

विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, मेळघाटात धारणीजवळ लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्याने गेल्या शतकाच्या अखेरीस उभे केलेले संपूर्ण बांबू केंद्र या साऱ्या चर्चेत मानदंड म्हणून पुढे ठेवावे असे आहे. मेळघाट म्हटले की वृत्तपत्रांना कुपोषणाखेरीज काही आठवत नाही. या दांपत्याला तेथे बांबू दिसला आणि बांबूवर चालणारे कोरकूंचे हात दिसले. बांबूचे अभ्यासक विनू काळे यांच्या चिंतनाची प्रेरणा त्यांच्यामागे होती. शहरातून तज्ज्ञ नेऊन वनवासींना 'प्रशिक्षित' करण्याची जी सरकारी रीत आहे, तिच्यापेक्षा येथील रीत निराळी राहिली. स्थानिक कारागिराला जे येते तेथून आरंभ करायचा, त्यात नव्या अवजारांची आणि नव्या वस्तूंची भर घालायची, तो शिकला की त्यानेच पुढच्याला शिकवायचे. कोरकू भगिनींनी केलेल्या 'सृष्टीबंध' राख्या शहरांत पोहोचल्या, बांबूची घरे उभी राहिली आणि कारागिरांच्या विद्यापीठाचे स्वप्न घेऊन ग्राम ज्ञानपीठ आकाराला आले. मे २०२१ मध्ये करोनाने सुनीलजींना ओढून नेले. काम थांबले नाही.

लवाद्यासारख्या ठिकाणी गेल्यावर कळते, की बांबूची विद्या वस्तू विणण्यापासून सुरू होत नाही. ती जंगलात सुरू होते. विणकामाला बुरूड कोवळी, ओली काठी निवडतो. घराच्या खांबाला तीन वर्षांहून जुनी, पक्व काठी लागते. पावसाळ्यात कोंब फुटत असताना बेटाला हात लावायचा नाही. तोड करायची ती थंडीत, काठीतील पिठूळ अंश कमी असताना. नाहीतर भुंगा पोखरून टाकतो. मग काठ्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायच्या. बेटाच्या मधली काठी कोणती काढावी आणि कडेची कोणती राखावी, म्हणजे पुढच्या वर्षी बेट दाट होईल, हेही त्याला ठाऊक असते. शहरी कार्यशाळेत मुलाच्या हाती येतात त्या आधीच तासून ठेवलेल्या पट्ट्या. शाडूचेही तेच. माती बहुतांशी गुजरातेतून येते, पिशवीतून गोळा मिळतो, साचा तयार असतो. आणि त्याच उपनगराच्या कडेला राहणाऱ्या कुंभाराला कोणी बोलावलेले नसते. निसर्गाशी नाते जोडणारा उपक्रम म्हणून ज्याची जाहिरात होते, त्यात निसर्ग कोठे आहे, असा प्रश्न पडतो.

कारागिराच्या वाटेत कायद्यानेही काटे पेरले होते. इंग्रजांच्या १९२७ च्या वन कायद्याने बांबूची गणना वृक्षात केली आणि स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेणे हाही गुन्हा ठरण्याची भीती शेतकऱ्याला व बुरुडाला वाटू लागली. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत म्हणते, पण इंग्रजांच्या कायद्यापुढे शास्त्राचे काय चालणार! २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरले. गडचिरोलीच्या लेखा-मेंढा गावाला त्यानुसार वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार प्रत्यक्ष हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. वनाबाहेरच्या बांबूला 'वृक्ष' या व्याख्येतून मुक्त केले ते नोव्हेंबर २०१७ च्या अध्यादेशाने. स्वातंत्र्यानंतर या एका शब्दाची दुरुस्ती व्हायला सत्तर वर्षे लागली. तोपर्यंत बुरूड आळ्यांत प्लास्टिकच्या टोपल्या येऊन स्थिरावल्या होत्या.

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी, विश्वकर्मा जयंतीला, पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना ओळखपत्र, पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दररोज पाचशे रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने कर्ज अशी तिची रचना आहे. कारागिराला विश्वकर्म्याचे नाव देणारी ही योजना दृष्टी म्हणून मोलाची आहे. तिच्या यादीत टोपल्या-चटया विणणारा आहे, मूर्तिकार आहे, पारंपरिक बाहुल्या व खेळणी करणारा आहे. वाद्य घडविणारा मात्र नाही. मिरजेचा तंबोरा करणारा आणि पखवाजाला शाई भरणारा विश्वकर्मा नव्हे काय? ही त्रुटी दूर करण्यासाठी महाराष्ट्रातील खासदारांनी आग्रह धरावा. स्वपक्षाचे सरकार असताना असा आग्रह धरणे अधिक सोपे असावयास हवे.

याहूनही महत्त्वाची तरतूद २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे आणि तिच्याकडे हवे तेवढे लक्ष गेलेले नाही. सहावी ते आठवीच्या काळात विद्यार्थ्याने दहा दिवस दप्तराविना, गावातील सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्या हाताखाली काम शिकावे, असे हे धोरण म्हणते. गांधीजींनी १९३७ साली वर्धा येथे मांडलेल्या नई तालीमची यात आठवण आहे. ती योजना सरकारी खात्यांच्या हाती जाऊन निस्तेज झाली, हे विसरता कामा नये; सूत कातण्याचा तास उरला आणि त्यातला प्राण गेला. हे दहा दिवस सहल, चित्रफीत आणि 'कार्यानुभवा'ची वही यांत उरकले गेले, तर तोच प्रकार पुन्हा होईल. पदवी नसलेला कारागीर वर्गात शिकवू शकत नाही, असे म्हणणारा मुख्याध्यापक किंवा लेखापरीक्षक कोठेतरी उभा राहीलच. धोरण कारागिराच्या बाजूने आहे, हे त्याला दाखवून देणारे पालकही तेथे हवेत.

शासनाची वाट न पाहता समाजाला करता येण्याजोगे बरेच आहे. कार्यशाळेच्या शुल्कातील मोठा वाटा सभागृहाच्या भाड्यात आणि फलकांवर जातो. शिकविणाऱ्या कारागिराला 'प्रवासखर्च व नारळ-शाल' यांवर बोळवले जाते. शाल पोट भरीत नाही. शहरातील वक्त्याला जे मानधन दिले जाते, ते बुरुडाला आणि वारली चित्रकाराला द्यायला कोणाची आडकाठी आहे? पुन्हा, दर वेळी कारागिरानेच शहरात का यावे? दोन दिवस मुलांना पाड्यावर, पिंगुळीच्या अंगणात, मिरजेच्या गल्लीत नेले, तर तेथील कारागिराच्या मुलालाही दिसेल, की आपल्या बापाकडे शिकायला शहरातील मुले येतात. त्या एका दृश्याचा परिणाम त्या मुलाच्या मनावर काय होईल, याचा विचार करावा. आज तो मुलगा बापाचा धंदा सांगायला लाजतो. त्याला लाज वाटावी असे वातावरण आपणच निर्माण केले आहे.

आणि अखेर प्रश्न खरेदीचा उरतो. उत्सवाच्या सजावटीवर गणेश मंडळे लाखो रुपये खर्च करतात. थर्माकोल गेले तरी त्याच्या जागी आलेला माल पुष्कळदा आयातच असतो. त्या खर्चातील काही भाग बांबूच्या आणि मातीच्या कामाला गेला, एखाद्या संध्याकाळी वाद्यवृंदाऐवजी चित्रकथीचे आख्यान लागले, देवस्थानांनी प्रसादासाठी प्लास्टिकऐवजी बुरुडाच्या परड्या घेतल्या, लग्नात आहेराला परदेशी काचेच्या वस्तूंऐवजी गंजिफाचा संच दिला, तर शेकडो घरे पुन्हा उभी राहतील. स्वदेशीची भाषा आपण मोठ्या वस्तूंबाबत बोलतो. ती सुपा-टोपलीपर्यंत खाली उतरत नाही.

शाळांचे नवे वर्ष सुरू होण्याआधी हे दहा दिवस कसे घ्यायचे, याची आखणी होत असते. महाराष्ट्रातील असंख्य शाळांच्या व्यवस्थापन समित्यांवर संघविचाराचे कार्यकर्ते पालक म्हणून, संस्थाचालक म्हणून, शिक्षक म्हणून बसलेले आहेत. आपल्या पंचक्रोशीत कोण बुरूड आहे, कोण कुंभार, कोण पखवाज मढविणारा, कोणाच्या घरी अजून माग चालतो, याची यादी त्यांनी प्रत्यक्ष घरोघर जाऊन करावी, ती मुख्याध्यापकांकडे द्यावी आणि प्रत्येक नावासमोर मानधनाचा आकडाही लिहून द्यावा.